सामुदायिक संगणक केंद्राची देखभाल

सामुदायिक संगणक केंद्राची देखभाल म्हणजे एखाद्या गावातील, वस्तीतील किंवा संस्थेतील अनेक लोक ज्या संगणकांचा, प्रिंटरचा आणि इंटरनेट जोडणीचा सामायिक उपयोग करतात, ती यंत्रणा चालू, सुरक्षित आणि सर्वांना सारखी उपलब्ध राहावी यासाठी करावी लागणारी तांत्रिक व व्यवस्थापकीय कामे होत. ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र, सहकारी संस्थेचे माहिती केंद्र, सार्वजनिक ग्रंथालयातील संगणक कक्ष आणि शाळेची संगणक प्रयोगशाळा ही अशा यंत्रणेची परिचित उदाहरणे आहेत.

संगणक खरेदी करण्याचा खर्च एकदाच होतो. देखभालीचा खर्च आणि श्रम मात्र सतत लागतात. महाराष्ट्रात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात १९९८ पासून चालवण्यात आलेल्या विविध प्रकल्पांचा अनुभव असा आहे, की केंद्रे बंद पडण्यामागे अनेकदा मोठा तांत्रिक बिघाड नसतो. वीज, जोडणी, बॅटरी, परिचालकाचे मानधन आणि जबाबदारीची स्पष्ट वाटणी यांपैकी एखाद्या साध्या गोष्टीची उणीव त्यास कारणीभूत ठरते. केंद्र बंद पडले, की ज्याच्या घरी संगणक किंवा चांगला मोबाइल संच आहे त्याची अडचण थोडी होते. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याला मात्र तालुक्याच्या गावी खेप घालावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. या कारणाने देखभाल हा लोकसेवेच्या व्यवस्थेतील महत्त्वाचा विषय मानला जातो.

पार्श्वभूमी

एका संगणकाचा अनेकांनी उपयोग करण्याची पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे. प्रारंभीचे संगणक अत्यंत महाग असल्याने ते सामायिक असणे अपरिहार्य होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ मध्ये कालविभागणीच्या पद्धतीचे, म्हणजे एकाच संगणकावर अनेक वापरकर्त्यांनी एकाच वेळी काम करण्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसवण्यात आला. देशातील अनेक विद्यापीठे व संशोधन संस्था आपली गणिते त्यावर करून घेत. वापरकर्त्यांची खाती, कामांची रांग, वेळेची वाटणी आणि यंत्र सांभाळणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग या आजच्या केंद्रांतील संकल्पना त्या काळातील मोठ्या संगणकांच्या व्यवस्थेतून आल्या आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयोग वारणा परिसरात झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू करण्यात आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे आणि संलग्न संस्थांचे जाळे त्याला आधारभूत होते. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून खर्च उचलला. तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पाहिले. बाजारभाव, शेतीचा सल्ला, आरोग्य व शिक्षण यांविषयीची माहिती गावातच मिळावी, असा उद्देश होता. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः ऊस उत्पादकांचे कारखान्याशी असलेले व्यवहार पाहण्यासाठी होत राहिला.

खान्देशाच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे असलेल्या मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ज्ञानदूत प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या सूचनालयांतून स्थानिक तरुण शुल्क घेऊन दाखले, बाजारभाव व तक्रारींची सेवा देत. या प्रकल्पास २००० मध्ये स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. पुढील अभ्यासांत मात्र अनियमित वीज, तुटणारी दूरध्वनी जोडणी आणि घटता वापर या अडचणी नोंदवल्या गेल्या.

केंद्र सरकारने मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली आणि तिच्या अंतर्गत देशभर सामायिक सेवा केंद्रे उभारण्याचे ठरले. महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ अर्थात ‘संग्राम’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यातून ग्रामपंचायतींना संगणक, प्रिंटर आणि संगणक परिचालक मिळाले. २०१५ अखेर हा प्रकल्प संपला आणि २०१६ मध्ये आपले सरकार सेवा केंद्रांची रचना अस्तित्वात आली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरल्यामुळे केंद्र चालू असण्याला कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले.

सामायिक साधनाचे स्वरूप

सामायिक साधनाचा लाभ सर्वांना होतो, पण ते सांभाळण्याची जबाबदारी आपोआप कोणाचीच ठरत नाही. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचे उदाहरण घेऊन अशा साधनांचा ऱ्हास कसा होतो याचे विवेचन केले. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगातील अनेक सिंचन व्यवस्था, कुरणे आणि मासेमारी क्षेत्रे यांच्या आधारे असे दाखवून दिले, की वापरणाऱ्यांनीच ठरवलेले स्पष्ट नियम, नियमांवर देखरेख करणारी माणसे आणि वाद मिटवण्याची सोपी सोय असेल, तर सामायिक साधन दीर्घकाळ टिकते. या कार्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खान्देशातील फड पद्धत हे अशा व्यवस्थेचे जवळचे उदाहरण आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम इत्यादी नद्यांवरील बंधाऱ्यांतून पाटाने येणारे पाणी या पद्धतीत सामायिक नियमांनी वाटले जाई. शेतजमिनीचे फड पाडून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे एकत्र ठरे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, पिकांच्या राखणीसाठी जागल्या आणि देखरेखीसाठी हवालदार नेमला जाई. त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरी देत. पाटातील गाळ काढण्याचे काम हंगामापूर्वी सर्वांनी मिळून करण्याची रीत होती.

संगणक केंद्र आणि पाट यांत तांत्रिक साम्य नाही. परंतु दोन्हींचे टिकणे तीन गोष्टींवर अवलंबून असते. कोणते काम कोणाचे हे आधी ठरलेले असावे, काम करणाऱ्याचा मोबदला वेळेवर मिळावा आणि साफसफाई बिघाड होण्यापूर्वी व्हावी, या त्या तीन गोष्टी होत.

भौतिक देखभाल

वीजपुरवठा

ग्रामीण केंद्रांतील सर्वांत मोठी अडचण विजेची असते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर भारनियमन होत असे. त्यानंतर परिस्थिती सुधारली असली, तरी वादळ, रोहित्रातील बिघाड व विद्युतदाबातील चढउतार यांमुळे पुरवठा खंडित होतो. वीज अचानक गेल्यास चालू असलेले काम वाया जाते आणि साठवण चकतीवरील माहिती बिघडण्याचा धोका निर्माण होतो.

यूपीएस हे उपकरण संगणकाला थोड्या मिनिटांचा आधार देते. या अवधीत काम जतन करून संगणक रीतसर बंद करणे अपेक्षित असते. दीर्घ काळासाठी इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल लागते. लेझर प्रिंटर छपाईच्या वेळी क्षणभर मोठा विद्युतभार घेतो. त्यामुळे तो यूपीएसला जोडू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीतील पाण्याची पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते आणि तीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी भरावे लागते. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे बॅटरी लवकर निकामी होते.

अर्थिंग म्हणजे भूसंपर्कन नीट नसल्यास यंत्राच्या पत्र्याच्या पेटीस हात लावताच झटका बसतो, तसेच विजा कडाडताना मोडेम व संगणक जळण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात जमीन कोरडी झाल्याने भूसंपर्कन दुबळे होते. अशा वेळी त्याच्या खड्ड्यात पाणी घालण्याची पद्धत आहे.

उष्णता आणि धूळ

जळगाव जिल्ह्यातील एरंडोलसारख्या तालुक्यांत मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत सर्वसाधारण नियम असा आहे, की २५ अंशांच्या वर तापमान सुमारे १० अंशांनी वाढले, तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. त्यामुळे थंड प्रदेशात चार-पाच वर्षे टिकणारी बॅटरी पत्र्याच्या छपराखाली दोन वर्षांतच बदलावी लागू शकते. खान्देशातील केंद्राचे अंदाजपत्रक करताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

संगणकाच्या आतील पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती यांवर धूळ साचली, की यंत्र तापते, मंदावते आणि स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडते. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात जिनिंगच्या परिसरातील इमारतींमध्ये धुळीबरोबर कापसाचे तंतूही साचतात. संगणक जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवणे, दुपारचे ऊन पडणाऱ्या खिडकीस पडदा लावणे आणि ठरावीक काळाने ब्लोअरने धूळ काढणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. धूळ काढताना वीजजोडणी काढून ठेवणे आवश्यक असते.

लहान भाग

मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल हा संगणकातील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तो करतो. सेल संपला, की संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते. ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो. तारीख चुकीची असल्यास जोडणी नाकारली जाते. अशा वेळी इंटरनेट बंद असल्याचा समज होतो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत केंद्राचे काम थांबते. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहणे ही बिघाड शोधण्याची पहिली पायरी ठेवल्यास असा खोळंबा टळतो.

बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणाची काच मऊ, कोरड्या कापडाने पुसून ठेवावी लागते. शेतकाम व मजुरी करणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असल्याने ठसा न जुळण्याच्या घटना घडतात. काच मळलेली असेल, तर अशा नागरिकांची अडचण अधिक वाढते.

आज्ञावली आणि माहितीची देखभाल

खाती व परवलीचे शब्द

सामायिक संगणकावर किमान दोन प्रकारची खाती असावीत, असे मानले जाते. व्यवस्थापक खात्यातून नवीन आज्ञावली बसवणे व मूळ रचना बदलणे शक्य होते. दैनंदिन खात्यातून फक्त रोजचे काम करता येते. सर्व काम व्यवस्थापक खात्यातून केले, तर चुकून उघडलेली एखादी घातक फाइल संपूर्ण यंत्रणेचा ताबा घेऊ शकते. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, टेबलाच्या काचेखाली किंवा पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवण्याची सवय धोकादायक आहे. मात्र तो एकाच व्यक्तीच्या स्मरणात असणेही तितकेच गैरसोयीचे ठरते, कारण परिचालक बदलला की केंद्राला स्वतःच्याच यंत्रणेत प्रवेश मिळत नाही. व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात ठेवणे हा यावरचा साधा मार्ग होय.

डिजिटल स्वाक्षरी

ग्रामपंचायतीतील दाखले व आर्थिक व्यवहार यांसाठी वापरण्यात येणारी डिजिटल स्वाक्षरी लहान यूएसबी उपकरणात साठवलेली असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार स्वाक्षरीच्या खासगी कळीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी स्वाक्षरीधारकाची असते. हे उपकरण संगणकाला कायम जोडून ठेवणे किंवा परिचालकाच्या हाती सोपवणे म्हणजे सही केलेले कोरे धनादेश पुस्तक दुसऱ्याकडे देण्यासारखे आहे. स्वाक्षरी प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख कार्यालयातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे उपयुक्त ठरते. मुदत संपल्यावर नूतनीकरण होईपर्यंत त्या स्वाक्षरीने होणारी सर्व कामे अडतात.

अद्ययावतता

संगणक प्रणालीस निर्मात्याकडून मिळणारी सुरक्षा सुधारणा ठरावीक काळानंतर थांबते. विंडोज एक्सपीसाठी ती एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ साठी जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वसाधारणपणे थांबली. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने सुधारणा न केलेल्या संगणकांना मोठ्या प्रमाणावर ग्रासले होते. जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली चालत नसल्यास लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालींचा पर्याय असतो. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही त्यांपैकी एक आहे. तथापि, ठसे घेणारी उपकरणे, स्वाक्षरीची उपकरणे आणि प्रिंटर त्या प्रणालीवर चालतात किंवा नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

नोंदींच्या प्रती

माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत इमारतीबाहेर असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. प्रत काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे महत्त्वाचे असते. कधीही उघडून न पाहिलेली प्रत ऐन वेळी निरुपयोगी निघू शकते. सरकारी सेवांची माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर असली, तरी ग्रामसभेची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि स्थानिक याद्या बहुधा केंद्रातील संगणकावरच असतात.

लिपी आणि फॉन्ट

मराठी नोंदींच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न उद्भवतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टांच्या संकेतपद्धतीत टंकलिखित होत असे. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये इस्की हे मानक जाहीर झाले होते, परंतु छपाई व कार्यालयीन वापरात फॉन्टनिहाय पद्धतीच रूढ राहिल्या. असा मजकूर मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक अक्षरे दिसतात आणि त्यात शोध घेता येत नाही. जुना संगणक काढून टाकण्यापूर्वी त्यावरील मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे आणि जोडाक्षरे, रफार व आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहणे हा देखभालीचाच भाग आहे. रूपांतरात नावातील एक अक्षर बदलले, तरी वारस नोंदीत किंवा दाखल्यात अडचण येऊ शकते.

नागरिकांच्या कागदपत्रांची गोपनीयता

केंद्रात येणाऱ्या नागरिकांची आधार पत्रे, बँक पासबुके आणि सातबारा उतारे यांच्या प्रतिमा संगणकावर साठत जातात. काम संपल्यावर त्या पुसून टाकणे, संदेशवहनाच्या ॲपमधून बाहेर पडणे आणि पेन ड्राइव्ह वापरण्यापूर्वी तपासणे या किमान दक्षता होत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या विषयाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे.

गर्दीचा काळ

सामुदायिक केंद्रावरील भार वर्षभर सारखा नसतो. जून-जुलैमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे, जातीचे व अधिवासाचे दाखले लागतात. त्याच सुमारास खरीप पीक विम्याचे अर्ज भरले जातात. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज मागवण्यात आले, तेव्हा राज्यभरातील केंद्रांवर लांबच लांब रांगा लागल्या. मंदावलेला सर्व्हर आणि बोटांचे ठसे न जुळणे यांमुळे शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागल्या. अर्जाची १५ सप्टेंबर ही मुदत पुढे २२ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली. २०२३ च्या खरीप हंगामातही पीक विमा अर्जाची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली होती.

मध्यवर्ती सर्व्हरवरील ताण गावातील केंद्राला कमी करता येत नाही. रांगेचे नियोजन मात्र त्याच्या हाती असते. त्यासाठी पुढील पद्धती उपयोगी पडतात:

• क्रमांकाच्या चिठ्ठ्या देऊन नागरिकांना अंदाजे वेळ सांगणे, म्हणजे दिवसभर उभे राहावे लागत नाही.
• लागणाऱ्या कागदपत्रांची यादी दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत लावणे आणि रांगेतच कागद तपासणे.
• सर्व्हरवर भार कमी असताना, म्हणजे पहाटे किंवा रात्री, भरता येतील असे अर्ज त्या वेळी भरणे.
• वृद्ध, अपंग आणि दूरच्या वाडी-तांड्यावरून येणारे यांच्यासाठी काही क्रमांक राखून ठेवणे.
• मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी दवंडी, ध्वनिक्षेपक किंवा ग्रामसभेतून सूचना देणे.
• अर्ज स्वीकारला गेल्याची पावती प्रत्येक वेळी छापून देणे.

पावतीचे महत्त्व विशेष आहे. अर्ज भरला गेला असे तोंडी सांगितले गेले आणि प्रत्यक्षात तो सर्व्हरपर्यंत पोहोचला नसेल, तर नुकसान नागरिकाचे होते आणि ते अनेक महिन्यांनी उघड होते.

परिचालक आणि खर्च

केंद्राच्या कार्यक्षमतेतील सर्वांत निर्णायक घटक परिचालक हा असतो. नागरिकाशी बोलणे, अर्ज भरणे, यंत्रातील बिघाड ओळखणे आणि नोंदी सांभाळणे ही चारही कामे बहुधा एकाच व्यक्तीला करावी लागतात. महाराष्ट्रातील संगणक परिचालकांनी अपुरे व विलंबाने मिळणारे मानधन, तसेच किमान वेतन व सेवाशाश्वती या मागण्यांसाठी मुंबईतील आझाद मैदानावर आणि नागपूर येथील विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात वेळोवेळी आंदोलने केली आहेत. अशा कामबंद आंदोलनाच्या काळात यंत्रे सुस्थितीत असूनही सेवा थांबते. अनुभवी परिचालक काम सोडून गेल्यास त्याच्याबरोबर स्थानिक ज्ञानही जाते.

या ज्ञानाचे जतन करण्यासाठी लिखित नोंदवही उपयोगी पडते. बिघाडाची तारीख, दिसलेले लक्षण, केलेला उपाय, बदललेला भाग, त्याची किंमत व हमीची मुदत आणि काम करणाऱ्याचे नाव एवढ्या रकान्यांची साधी वही पुरेशी असते. ती कागदावर असणे इष्ट मानले जाते, कारण संगणक बंद पडला असतानाच तिची गरज असते.

खर्चाच्या दृष्टीने शाई, कागद, बॅटरी, इंटरनेटचे शुल्क, दुरुस्ती आणि काही वर्षांनी यंत्र बदलण्यासाठीची तरतूद हे वारंवार येणारे खर्च आहेत. ग्रामपंचायतींना केंद्राच्या रचनेत वित्त आयोगाच्या निधीतून रक्कम द्यावी लागल्यामुळे गावाचा निधी व प्रत्यक्ष मिळणारी सेवा यांचा मेळ हा चर्चेचा विषय राहिला. या खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवल्यास केंद्र कोणामुळे आणि किती दिवस बंद होते, हे नागरिकांना विचारता येते.

देखभालीचे वेळापत्रक

• दररोज: तारीख व वेळ पाहणे, ठसा यंत्राची काच पुसणे, नागरिकांच्या कागदपत्रांच्या अनावश्यक प्रतिमा पुसणे, संगणक रीतसर बंद करणे.
• दर आठवड्यास: नोंदींची प्रत बाह्य साठवणीवर घेणे, सुरक्षा सुधारणा बसवणे, नोंदवही पाहणे.
• दर महिन्यास: बॅटरीतील पाणी तपासणे, वीज बंद करून यूपीएस किती मिनिटे टिकतो ते पाहणे, एखादी प्रत उघडून पाहणे.
• उन्हाळ्यापूर्वी: धूळ काढणे, पंखे तपासणे, भूसंपर्कनाच्या खड्ड्यात पाणी घालणे.
• पावसाळ्यापूर्वी: छपराची गळती पाहणे, तारा व प्लग तपासणे, संगणक भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवणे.
• दरवर्षी: साहित्याची मोजदाद, पासवर्ड बदलणे, स्वाक्षरी व हमी यांच्या मुदती नोंदवणे.

निकामी झालेली यंत्रे भंगारात न विकता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावीत, अशी अपेक्षा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत आहे. तत्पूर्वी साठवण चकतीवरील माहिती कायमची नष्ट करणे आवश्यक असते.

मूल्यमापन

सामुदायिक संगणक केंद्रांच्या उपयुक्ततेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वारणा येथे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. ऊस उत्पादकांना संगणक केंद्रात मिळणारी माहिती मोबाइलवरील लघुसंदेशातून देण्यात आली. ही पद्धत संगणकापेक्षा स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी ठरल्याचे संशोधकांनी नोंदवले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून होऊ लागली. त्यामुळे पूर्वी कार्यालयात जाऊन करावी लागणारी काही कामे खातेदाराच्या मोबाइलवर आली आहेत.

असे असले, तरी कागदपत्रे स्कॅन करणे, बोटांचे ठसे देणे, छापील दाखला घेणे आणि अर्जातील तांत्रिक भाषा समजून घेणे यांसाठी अनेकांना केंद्राची गरज भासते. ज्यांच्याकडे मोबाइल आहे ते हळूहळू केंद्राकडे येणे थांबवतात. उरलेल्यांत वृद्ध, निरक्षर, भूमिहीन मजूर आणि मोबाइलवर स्वतःचा हक्क नसलेल्या स्त्रिया यांचे प्रमाण वाढत जाते. त्यांचा आवाज ग्रामसभेत क्षीण असल्यामुळे केंद्राच्या देखभालीची मागणीही दुबळी होते. म्हणून केंद्राचा वापर घटत असल्याचे कारण देऊन देखभालीची तरतूद कमी करण्यापूर्वी, ते आता कोण वापरतात याची गावनिहाय नोंद घेणे आवश्यक ठरते.